पहिला घाणा अळणी

सोजरबाईच्या गाळ्यासमोर स्कूटर लावायची म्हणजे निशिगंध सोसायटीतला माणूस दहादा विचार करी. स्कूटरला काही होत नसे, जे व्हायचं ते मालकाला होई. "आरं ए चष्मेवाल्या, तुझ्या बापानं हितं खळं केलं व्हतं काय?" हे भर रस्त्यात ऐकून घ्यायची तयारी असेल त्यानंच तिथं गाडी लावावी. खळं तिच्या सासऱ्यानं केलं होतं, हे मात्र खरं. आज सोसायटीची पाण्याची टाकी आहे, तिथं. त्या रानातनं ज्वारी निघायची, भुईमूग निघायचा. एका वर्षी बिल्डर निघाला. जमिनीच्या बदल्यात सोजरबाईला आणि तिच्या नवऱ्याला, संपतला, वर दोन खोल्या आणि खाली रस्त्याला लागून एक गाळा मिळाला. बाकीच्या बिऱ्हाडांत बँकेतले, शाळेतले, कचेरीतले लोक येऊन राहिले.

जमीन गेल्याचं तिला काही वाटत नव्हतं. सगळं माळरान, उन्हाळ्यात पाण्याचा टिपूस नाही, गेली ते बरं झालं म्हणायची. राग माणसांचा होता. तिच्याच रानात राहून ही माणसं तिला 'फरसाणवाली' म्हणायची, आणि पाव किलो शेव घेताना कंबरेत वाकून काट्याकडं बघायची.

"वाकून काय बगतासा? काट्यात घोरपड बसलीया काय?"

"नाही हो. सवय आहे."

"मग घरला जाऊन बायकोच्या पोळ्या मोजा. हितं नगं."

शेव मात्र तिचीच न्यायचे. संपत तरणा असताना स्वारगेटजवळ एकाच्या भट्टीवर पाच वर्षं घाम गाळून शिकला होता. तो हात त्यानं बायकोला दिला, आणि मग काविळीनं मेला. तेव्हापासून पहाटे भट्टी पेटवायची, परातीत बेसन मळायचं, कढईवर झारा धरून त्यावर पीठ घासायचं आणि खाली तेलात शेव पाडायची, हे सगळं तिच्या एकटीच्या अंगावर. शेव आणि पापडी, दोनच जिन्नस. चकली ती करत नसे. "चकली बामनीनींनी घरात करावी. माज्याकडं तेवडा येळ न्हाई."

संपतनं मागं एक गोष्ट ठेवली होती, ती म्हणजे मैना. कुत्री. तांबडी, एक कान फाटका, शेपटी अर्धी. सोजरबाईचं माहेर लोणी काळभोर. तिथून भावाच्या कुत्रीचं पिल्लू पिशवीत घालून संपतनं एसटीतनं आणलं होतं. सोजरबाई तिला कुरवाळत नसे, गोड बोलत नसे. रोज दोन वेळा भाकरी कुस्करून टाकी आणि "गिळ" म्हणे. पण दोन वर्षांत त्या रस्त्याला तीन दुकानांची शटरं उचकटली, त्यात तिचं नव्हतं. शटरापाशी मैना निजत असे. बाई एकटी, गाळा तळमजल्याचा, आणि सोसायटीतला एक माणूस तिच्यासाठी खिडकी उघडेल अशी खात्री नाही. मैना गेली की आपलं कुलूप गेलं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

आता सोसायटीचे सचिव. अनंत खांबेटे, कालव्याच्या कचेरीतनं निवृत्त झालेले. तिथं पाटांचं पाणी मोजायचे, इथं माणसांच्या चुका मोजायला लागले. बोलण्यात आवाज चढत नसे, सगळी धार सूचनाफलकावर. दिवाळी उलटली आणि पंधरा दिवसांत फलकावर कागद लागला. सोजरबाई लोणीच्या शाळेत चौथीपर्यंत गेलेली, बोट ठेवून अक्षर लावायची. तिनं वाचलं:

'आवारात कुत्रे पाळण्यास मनाई आहे. ज्यांस कुत्र्यांचे प्रेम असेल त्यांनी ते स्वतःच्या घरात, स्वतःच्या गादीवर करावे. — सचिव.'

त्याच आठवड्यात दुसरा:

'स्कूटरची चाके ही मुतारी नव्हे. कुत्रीस ही सूचना वाचता येत नसल्यास तिच्या मालकिणीने वाचून दाखवावी.'

सोजरबाईनं मैनाच्या मानेला धरून तिला फलकासमोर बसवलं आणि चार मजले ऐकतील अशा आवाजात वाचून दाखवलं. शेवटी म्हणाली, "कळलं का ग? चाकावर न्हाई. सायबाच्या दारात."

वर एक खिडकी धाडकन बंद झाली.

पण मनात तिलाही खटकत होतं. मैना दिवाळीपासून भलतं पाणी पीत होती. गाळ्यापुढच्या डबक्यातलं, नळाच्या गळक्या थेंबाखालचं, जिथं मिळेल तिथलं. आणि प्यायलं की जिथं तिथं मुतायची. आधी असं नव्हतं. शिवाय भाकरीकडं बघून तोंड फिरवी. "माजलीया," सोजरबाई म्हणाली आणि भाकरी उचलून ठेवली.

मार्गशीर्ष लागला, तिच्या घरी खंडोबाचे घट बसले. सहा दिवस हे नवरात्र, सहाव्या दिवशी चंपाषष्ठी, भरीत-रोडग्याचा नैवेद्य. खंडोबाच्या संगतीला कुत्रं असतं, म्हणून कुत्र्याला वाटा. सासऱ्याच्या वेळी तो वाटा रोडग्याचा असे. संपतनं धंदा सुरू केला तेव्हा त्यानं आपल्या मनानं रीत घातली, की ह्या सहा दिवसांत भट्टीवरचा पहिला घाणा देवाचा आणि कुत्र्याचा. देव्हाऱ्यातल्या टाकांपुढं वाटीभर ठेवायचा आणि उरलेला मैनापुढं. तो घाणा देवाआधी चाखायचा नाही. मीठ हाताच्या अंदाजानं. आणि सोजरबाईचा हात तर सदाच झुकता, कारण मीठ कमी पडलं की गिऱ्हाईक दुसरं दुकान धरतं.

चौथ्या दिवशी सकाळी मैनानं पहिल्या घाण्याला तोंड लावलं, चार घास खाल्ले आणि ओकली. उठायला गेली तर मागचे पाय एका बाजूला आणि पुढचे दुसऱ्या. दारू प्यायल्यासारखी भिंतीला धडकली. तोंडातनं लाळेची तार. अंग थडथडत होतं.

दूध घेऊन चाललेले खांबेटे थांबले. चार पावलं मागं सरून म्हणाले, "सोजरबाई, हे जनावर पिसाळलंय."

"तुमी पिसाळलाय. ती आजारी हाय."

"फेस येतोय तोंडाला."

"तुमच्याबी येतोय. आरशात बगा."

खांबेटे वर गेले आणि फोन फिरवला. दोन तासांत महापालिकेची कुत्री धरायची जाळीची गाडी आली.

गाडीतनं उतरलेला माणूस खाकी, जाड मिशांचा, हातात लांब दांड्याचा फास. सोजरबाई मैनापुढं झारा धरून उभी राहिली. कढईतला गरम झारा, तेल निथळतंय.

"आक्का, बाजूला व्हा. मला सांच्यापातूर अजून सात धरायची हायत."

"तू आदी धरून दावच. हा झारा कुटं बसंल त्ये मी सांगनार न्हाई."

तिच्या बोलण्यातला हेल ऐकून तो थबकला. "लोणीच्या काय तुमी?"

"लोणीची हाय न्हाईतर काशीची हाय. माजी कुत्री पिसाळल्याली न्हाई. ही बग, पानी पितीया. पिसाळल्यालं पान्याला भितं."

"माणूस भितं. कुत्रं कदी भितं, कदी न्हाई. पान्यावर आमी धरून चालत न्हाई." त्यानं फास खाली टेकवला. नाव हिंदुराव. गाडीवर बारा वर्षं, त्याआधी जनावरांच्या दवाखान्यात पट्ट्या बांधायला होता. तो लांब उभा राहून मैनाकडं बघत राहिला. सोजरबाईनं हाक मारली तशी मैनानं अर्धी शेपटी हलवली. पाण्याचं पातेलं तिनं एका दमात निम्मं केलं. हिंदुरावनं दांड्यानं पातेलं ओढून घेतलं.

"कशापायी घेतलंस? तान लागलीया तिला!"

"लागलीया म्हनूनच. एकदम ढोसली तर मेंदूला सूज यील. थोडं थोडं द्या. आक्का, ह्ये पिसाळनं दिसत न्हाई मला. हिनं काय खारं खाल्लंय?"

"माज्याकडं भाकरी खाती."

हिंदुराव ओकारीपाशी उकिडवा बसला. काडीनं चिवडली. त्यात शेव होती, आणि भिजून फुगलेले करड्या रंगाचे तुकडे, त्यांना काटे, काट्यांत तीळ. दोन बेदाणे.

"ही काय भाकरी हाय व्हय?"

सोजरबाई वाकली. "चकली. मी चकली करत न्हाई." सरळ झाली तेव्हा तिचा चेहरा फिरला होता. "आन् बेदाना चिवड्यात घालतात. मी चिवडाबी करत न्हाई."

झारा तसाच हातात धरून ती आवारात शिरली. रोज सकाळी मैना उठून पंपाच्या खोलीमागं जाते, हे ती बघत होती. जाते तर जाते, म्हणून तिनं सोडून दिलं होतं. खोलीमागं विटेवर एक स्टीलची थाळी होती. घासूनपुसून लख्ख, आणि तळाला चकलीचा चुरा. तिनं थाळी उचलली, उजेडात तिरपी धरली, काठावरच्या कोरलेल्या अक्षरांवर बोट फिरवलं.

तोवर मागोमाग खांबेटे आले होते, हिंदुरावही आला होता. चार बायका जिन्यात जमल्या होत्या.

"सायब, तुमास्नी वाचाय येतंय. वाचा. मोठ्यानं वाचा, मी कुत्रीला वाचून दावली तसं."

खांबेट्यांनी थाळी हातात घेतली. 'सौ. मंदाकिनी खांबेटे हिस मावशीकडून सप्रेम.' ते त्यांनी मनात वाचलं. मोठ्यानं एवढंच म्हणाले, "मंदा!"

मंदाकिनीबाई जिन्यातच होत्या. पदर सारखा करत खाली आल्या. आवाजात जरा कापरं, पण माघार नाही. "अन्न आहे हो, ते काय उकिरड्यावर टाकायचं? दिवाळीचा सगळ्या घरांचा फराळ येतो. ह्यांना डॉक्टरांनी उन्हाळ्यापासून मीठ बंद केलंय. डबे घरात राहिले तर दुपारी मी पडले की हे चकल्या काढतात. मग म्हटलं, मुक्या जीवाच्या मुखी जाऊ दे. बाकीच्या बिऱ्हाडांनीही आपापलं उरलेलं आणून दिलं. मी काही कसंही घातलेलं नाही. थाळीत घालत होते. दहा चकल्या सकाळी, दहा संध्याकाळी. मोजून."

"आन् पानी?" हिंदुरावनं विचारलं.

"पाणी कसं ठेवणार? पंपापाशी घसरडं होतं म्हणून भांडी ठेवायला मनाई आहे. ह्यांनीच सूचना लावलीय."

जिन्यातली एक बाई खुसकन हसली. खांबेट्यांनी तिकडं बघितलं, तशी ती वर निघून गेली.

सोजरबाई मंदाकिनीबाईंच्या अगदी पुढ्यात गेली. "बाई, ज्ये नवऱ्याला इख म्हनून देत न्हाई, त्ये माज्या कुत्रीला पुण्य म्हनून चारताय व्हय? आन् वर हे मालक, बायकोनं चारायचं, कुत्रीनं मुतायचं, आन् कागद माज्या नावानं!"

"सोजरबाई, आपण जरा सभ्य भाषेत..."

"सभ्य भाषेत तुमी फोन केलासा गाडीला. मारायला."

सोजरबाईनं खांबेट्यांच्या हातातनं थाळी काढून घेतली. हिंदुराव गाळ्यापाशी परत गेला, मागोमाग बाकीचेही. मैनापुढं उरलेली सकाळची शेव त्यानं चिमूटभर उचलली, जिभेवर ठेवली आणि थू करून रस्त्यावर टाकली.

"आक्का, ही कुनी चाखली व्हती?"

"देवाची हाय. देवाच्या आदी चाखत न्हाईत."

"ह्यात मिठाचं पोतं फुटलंय. देवाला चालत आसंल. हिला न्हाई. किती दिवस देताय?"

"घट बसल्यापासनं," सोजरबाई म्हणाली. चार दिवस, असा आकडा तिच्या तोंडातनं निघाला नाही.

"म्हणजे," खांबेट्यांचा आवाज पुन्हा जागेवर आला, "महिनाभर आमच्याकडून थोडं थोडं, आणि शेवटचा तडाखा आपल्या हातचा. नोंद घ्यावी."

सोजरबाईनं झारा कढईत ठेवला. तेल जळून काळं पडलं होतं.

हिंदुराव गाडीचं दार लावत म्हणाला, "तक्रार लिवली गेलीया, ती मला मिटवाय लागंल. दवाखान्यात न्या. चंपासटीला सकाळी मी येतो. सरळ चालली तर 'पिसाळल्यालं न्हाई' म्हनून लिवून जातो. अशीच झोकांड्या खात आसली तर मला न्यावी लागंल. मग झारा दावू नका."

रिक्षावाला कुत्रं घ्यायला तयार होईना. सोजरबाईनं संपतच्या घोंगड्यात मैनाला गुंडाळून मांडीवर घेतलं आणि रिक्षात आधी बसली, मग भांडली. दवाखान्यातली डॉक्टरीण तरणी, पण तोंडाची तिखट. सलाईन लावता लावता म्हणाली, "आपल्या जिभेला लागतं तेवढं मीठ ह्यांना लागत नाही, मावशी. शेव, फरसाण, वेफर, चकली, खारे दाणे, काही नाही. कांदा नाही, बेदाणे तर अजिबात नाहीत, त्यांनी मूत्रपिंडं जातात. द्यायचंच झालं तर मीठ न घातलेला भात, उकडलेला बटाटा, अळणी भाकरी. आणि पाणी कायम समोर. आत्ता मात्र वाटी वाटीनं."

"भाकरीत मीठ मी कदीच घालत न्हाई."

"मग शेवेत का घातलंत?"

"तुमी कुत्र्यांच्या डाक्टर की वकील?" सोजरबाई म्हणाली, पण हळू.

दोन दिवस तिनं गाळा उघडला नाही. मैना शटराआड घोंगड्यावर, आणि ही शेजारी वाटी घेऊन. एक वाटी, मग थांबायचं, मग पुन्हा एक. पहिल्या दिवशी मैना मान उचलेना. दुसऱ्या दिवशी दुपारी उचलली आणि बोटाला चावली. "चाव. आजून चाव," सोजरबाई म्हणाली. बाहेर फलकावर नवी सूचना लागल्याचं कुणीतरी सांगून गेलं. 'सर्व सभासदांनी उरलेला फराळ स्वतःच्याच पोटात ठेवावा. व्यावसायिकांनी देवाच्या नावाखाली प्रयोग करू नयेत.' ती उठून वाचायला गेली नाही.

चंपाषष्ठीच्या पहाटे तिनं भट्टी पेटवली. बेसनात ओवा टाकला, मोहन टाकलं, आणि हात मिठाच्या पाण्याच्या तांब्याकडं गेला. बारा वर्षांची सवय, डोकं न विचारता हात जातो. तिनं तांब्या उचलून बाहेर उंबऱ्यावर ठेवला आणि मग गोळा मळला. शेव पडली ती पिवळीधमक, दिसायला जशीच्या तशी. टाकांपुढं वाटी ठेवून म्हणाली, "अळणी हाय. ह्या वक्ताला असंच खा. तुजं कुत्रं जगलं तर फुडंबी असंच खायला लागंल."

मैनापुढं तिनं चारच काड्या टाकल्या, तळलेलं जास्त नको म्हणून. भाताचा गोळा मोठा. थाळी तीच, काठावर नाव असलेली.

हिंदुराव आठला आला. खांबेटेही खाली आले, हाताची घडी घालून. सोजरबाईनं शटर वर केलं. मैना बाहेर आली. उन्हात उभी राहिली, अंग झाडलं, जरा डगमगली. मग मैना चालायला लागली. इकडंतिकडं न बघता, नांगराच्या तासासारखी सरळ रेघ मारत ती खांबेट्यांच्या स्कूटरपाशी गेली, मागच्या चाकाशी बसली आणि मोकळी झाली.

हिंदुरावनं कागद काढला. "चाल सरळ हाय," असं म्हणत लिहिलं. "सायब, सही करा."

"ह्या कृत्यावर सही करू?"

"चालीवर करा."

खांबेट्यांनी सही केली.

दुपारी मंदाकिनीबाई आल्या. थाळीकडं बोट दाखवून म्हणाल्या, "ती माझ्या मावशीची आठवण आहे. सेटमधली आहे."

"हां. आता मैनाची आठवन हाय."

"चिंचेनं घासून घेईन मी."

"घासाय लागत न्हाई. ती चाटून लख्ख करती." आणि शटर निम्मं खाली ओढलं.

थाळी तिनं परत केली नाही. पहिला घाणा अळणी, हे मात्र चंपाषष्ठीनंतरही राहिलं, आता घट नसतानाही. मूठभर गोळा मिठाआधी बाजूला काढायचा, त्याची चार काड्या शेव मैनाला आणि उरलेली बरणीत. ती कुणी विकत मागितली नव्हती, तिनंही कुणाला सांगितलं नव्हतं. पण सोसायटीत अशी गोष्ट दोन दिवस लपत नाही.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी खांबेटे गाळ्यापुढं येऊन उभे राहिले. काट्याकडं वाकले नाहीत. फळीवरची बरणी बघत होते.

"सोजरबाई, मिठाशिवायची शेव मिळते म्हणे आपल्याकडे."

"हाय."

"पाव किलो द्या. मला दुसरं काही चालत नाही."

"हाय, पर ती कुत्रीची हाय. तसं म्हना, मंग देते."

खांबेट्यांनी रस्त्याकडं बघितलं, वर खिडक्यांकडं बघितलं. ओठ दाबून म्हणाले, "कुत्रीची शेव पाव किलो."

"थांबा मंग. आदी तिचं हू द्या. उरली तर देते."

मैना भाताचा गोळा सावकाश खात होती. खांबेटे पिशवी धरून उन्हात उभे राहिले. खाऊन झालं तशी मैनानं थाळी चाटायला घेतली, आणि थाळी फरशीवर गोल गोल फिरू लागली. बायकोचं नाव एकदा समोर येई, मग वळून पलीकडं जाई, आणि खांबेटे चष्मा काढून रुमालानं पुसत राहिले.